मुदतवाढीला हरकत

आदेश संपायला वीस दिवस उरले होते, आणि हर्षल गव्हाणे ते दिवस कुणालाही न सांगता मोजत होता.

बार्शीच्या मार्केट यार्डामागे त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपाची मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा देत भरायची, हे त्याचं काम. गावोगाव उन्हावर चालणारे पंप आले, पण मोटारी जळायच्या काही थांबल्या नाहीत. हाताला एकदा लय सापडली की डोकं रिकामं राहायचं आणि त्यात एकच विचार फिरायचा. येत्या अठराला पाच वर्षं पुरी होतात. एकोणीसला सकाळची नाशिकची एसटी पकडायची, रेणुकाच्या फाटकाबाहेर उभं राहायचं आणि एकदा, फक्त एकदा, तिच्या समोर तोंडाने म्हणायचं की चुकलं माझं.

'चुकलं' हा शब्द फार लहान आहे, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. वडील गेले तेव्हा हर्षल ऐन विशीत होता आणि घरातला कर्ता पुरुष झाल्याचं वारं त्याच्या डोक्यात शिरलं. धाकट्या बहिणीचा फोन तपासणं झालं, मग कोंडून ठेवणं, मग मारणं. नाशिकला नोकरी लागली म्हणून ती बॅग घेऊन निघाली त्या दिवशी तो दार लावून घ्यायला लागला, आणि तिचा हात चौकटीत होता. ती म्हणाली, "दादा, हात आहे माझा." त्याने ते नीट ऐकलं आणि तरी दार लोटलं. तो प्यायलेला नव्हता, धक्काही चुकून लागलेला नव्हता. तिची दोन बोटं त्यानंतर कधी सरळ झाली नाहीत. पोलीस आले, खटला झाला आणि पाच वर्षांचा संरक्षण आदेश निघाला. त्याने रेणुकाच्या घरापासून पाच किलोमीटरच्या आत यायचं नाही, पत्र, फोन, निरोप काहीही पाठवायचं नाही.

त्या दिवशी दुकानात न्यायालयाचा बेलिफ आला आणि सही घेऊन पाकीट देऊन गेला. रेणुकाने आदेश आणखी तीन वर्षं वाढवून मागितला होता. हर्षलला त्याचं नवल वाटलं नाही, वाईट मात्र फार वाटलं. पण पुढचं पान त्याला दोनदा वाचावं लागलं. आदेशभंगाच्या दोनशे बारा नोंदी, आणि सगळ्या रेणुकाच्या घराच्या आत.

खाली तिचं म्हणणं जोडलेलं होतं. "गेले दहा महिने यंत्र सांगतं आहे की तो माझ्या घरात आहे. दाराला तीन कड्या आहेत. मी रोज कपाटं उघडून बघते, माळ्यावर बॅटरी मारून बघते, पलंगाखाली बघते. कुणी नसतं. बाळाच्या पाळण्याजवळ गेले की माझ्या मनगटावरचा यंत्राचा पट्टा सगळ्यात जास्त थरथरतो. म्हणजे तो बाळाजवळ येऊन जातो. मी बाळाला एकटं सोडून आंघोळीलाही जात नाही."

पाच वर्षांत हर्षल नाशिकच्या वाटेलासुद्धा गेला नव्हता.

*

विधी सेवा समितीने त्याला वकील दिल्या त्या खुर्शीद मोमीन. पन्नाशीच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "मला खरं सांगा, गव्हाणे. गेला होतात?"

"नाही मॅडम."

"फोनवरून तुम्ही बार्शीत होता हे दिसतंय. पण फोन घरी ठेवूनही माणूस जातो. म्हणून तर चाहूल आली ना."

चाहूल हे त्या यंत्राचं नाव. पूर्वी अशा आरोपींच्या घोट्याला पट्टा बांधायचे आणि उपग्रह त्याच्यावर नजर ठेवायचा. लोकांनी पट्टे कापले, फसवले, पत्र्याच्या डब्यात पाय घालून बसले. मग शास्त्रज्ञांनी माणसावर नजर ठेवायचा नाद सोडला आणि माणूस मागे काय टाकून जातो ते शोधायला सुरुवात केली. आपल्या कातडीवर अब्जावधी जिवाणू सुखाने नांदत असतात. कोणते आणि किती, हे मिश्रण प्रत्येकाचं निराळं, सख्ख्या भावंडांचंसुद्धा. आणि आपण नुसते बसलो तरी तासाला लाखोंनी ते आपल्या अंगावरून हवेत उडतात, गादीवर, पडद्यावर, दाराच्या कडीवर बसतात. चाहूल म्हणजे भिंतीवरची हातभर पेटी. ती खोलीतली हवा ओढते, त्यातल्या जिवाणूंच्या जनुकांचे तुकडे वाचते आणि बंदी असलेल्या माणसाच्या ठशाशी ताडून पाहते. जुळलं की बाईच्या मनगटावरचा पट्टा थरथरायला लागतो. पट्टा स्वतःही थोडी हवा हुंगतो, त्यामुळे माग जितका जवळ तितकी थरथर जोराची. हर्षलचा ठसा दरवर्षी नव्याने घेतला जायचा. कानामागून, कोपराच्या खाचेतून, बेंबीतून कापूस फिरवून. त्याला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण त्याने कधी तक्रार केली नव्हती.

"यंत्र बिघडलं असेल?" त्याने विचारलं.

"दोनदा बदललंय. यंत्र बरोबर आहे. तुमच्या अंगावरचं काहीतरी त्या घरात पोचतंय, आणि जिवंत पोचतंय. तुमच्याकडून तिच्याकडे काय जातं?"

"काहीच नाही. आई जाते महिन्यातून आठ दिवस. पण ती गेल्या गेल्या आंघोळ करते, कपडे बदलते. पिशवी बाहेर ठेवते. तसं लिहून दिलंय तिने."

दोन्ही घरी येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांसाठी तो नियमच होता. मोमीन मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली. "मग घरी जाऊन आईंना विचारा."

*

मंदाकिनीबाई ओसरीत पाय पसरून शिवत बसल्या होत्या. हर्षल त्यांच्याकडे बघत उभा राहिला. सुईखाली गोधडीचा एक चौकोन होता, मळकट पांढरा, जाळीदार. त्याने तो हातात घेतला. त्याचं बनियन होतं ते. गेले कित्येक महिने त्याची बनियनं नाहीशी होत होती आणि दोरीवरून वाऱ्याने जात असतील असं धरून तो नवी आणत होता.

"आई, हे न धुतलेलं आहे."

"धुतल्यावर काय राहतंय त्यात?" मंदाकिनीबाई सहज म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. नातवाच्या बारशाला त्यांनी गोधडी नेली होती ती हर्षलच्या अंगावरून उतरलेल्या सदऱ्यांची. वरून त्यांच्या जुन्या लुगड्याचा पदर लावलेला, त्यामुळे रेणुकाला संशय यायचं कारण नव्हतं. दर महिन्याला जाताना एक नवं ठिगळ, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, कमरेला खोचून. आंघोळ करायच्या, कपडे बदलायच्या, आणि पिशवी तेवढी न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवायच्या. दुपारी रेणुका झोपली की पदर थोडा उसवून आत ठिगळ लावायच्या.

"लेकराला मामा न्हाई व्हय रं?" त्या म्हणाल्या. "जावळ मामाच्या मांडीवर काढायची आपल्यात रीत. तिनं शेजारचा कोण मानलेला मामा आणून बसवला. माझा जीव तुटला. मी म्हटलं, मांडीवर गोधडी टाका, पोराला टोचतंय. बसलं लेकरू तिच्यावर, रडलं न्हाई का काही न्हाई. तुझ्याच मांडीवर बसलं म्हण की."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की हर्षलला ओरडवेना.

"मला वाटलं, घराला तुझी सवय झाली म्हंजे तिच्या मनातलं भ्याव आपोआप जाईल. नकळत. मग अठरा तारीख झाली की तू जाशील, अन् तिला परकं वाटायचं न्हाई."

हर्षलने खिशातून कागद काढला आणि रेणुकाचं म्हणणं मोठ्याने वाचून दाखवलं. कपाटं, माळा, पलंग, आंघोळ. मंदाकिनीबाईंची सुई मध्येच थांबली. लेक आल्या-गेल्याला हसतमुखाने चहा देते, आपण आहोत तोवर दुपारी निवांत झोपते, एवढंच त्यांना दिसलं होतं. दुपारी तिला झोप लागायची ती घरात आई राखणीला आहे म्हणून, हे त्यांना आत्ता कळलं.

"मला बोलली न्हाई कधी," त्या हळूच म्हणाल्या.

"आता हे उत्तरात लिहावं लागेल मला."

मंदाकिनीबाईंनी त्याचा हात धरला. कायदा त्यांना पक्का ठाऊक होता, सही करताना वाचून दाखवला होता. बंदी असलेल्या माणसाचा माग जाणूनबुजून घरात नेणारा तो वाहक. वाहकाला आदेशाच्या मुदतीत त्या घरात पाऊल टाकता येत नाही, आणि त्यात न्यायाधीशालाही सूट देता येत नाही.

"तू गेलतास म्हणून सांग," त्या म्हणाल्या. "एकदा गेलतो म्हण, दोनदा म्हण. तुला तसंही तिथं कोण येऊ देतंय? माझं पोरगं रांगाया लागलंय, हर्षल. मला बघून हात पसरतंय. ते तेवढं तोडू नको रं."

*

दीड दिवस त्याने दुकान उघडलं नाही. आई म्हणत होती ते खोटं नव्हतं. रेणुकाच्या लेखी तो तसाही गुन्हेगार, आणि तुरुंगाची त्याला आता फारशी भीती उरली नव्हती. तो आत गेला तर आईचं नाशिक शाबूत राहील आणि रेणुकालाही आई राहील. बाळंतपणापासून तिला दुसरं होतं कोण? नवरा पराग भला माणूस, पण दिवसभर कामावर.

उत्तराच्या नमुन्यात तीन चौकोन होते. मान्य, अमान्य, अंशतः मान्य. 'मान्य'वर खूण केली की प्रकरण मिटत होतं.

पण त्याच्या डोळ्यांपुढून तो माळा हलेना. रेणुका स्टुलावर चढून बॅटरी मारते आहे, खाली पाळण्यात बाळ. मी आलो होतो असं एकदा लिहून दिलं की तिने पुढे जन्मभर काय करायचं? तीन कड्या लावलेल्या घरात हा माणूस येतो कसा, हे कोडं तिला आयुष्यात सुटणार नाही. खरं सांगितलं तर निदान रात्रीची तिला झोप लागेल. आई जाईल, पण झोप मिळेल. एकदा दार लोटताना त्याने तिचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता ऐकायचं असं त्याने ठरवलं, आणि ठरवताना त्याला वाटलं की पाच वर्षांत पहिल्यांदाच आपण बहिणीसाठी काही करतो आहोत. त्याला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

त्याने 'अमान्य'वर खूण केली आणि गोधडीची हकीकत पानभर लिहून दिली. त्या दिवसापासून मंदाकिनीबाई त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढायच्या आणि आत निघून जायच्या.

*

नाशिकला पोलिसांनी गोधडी मोहोरबंद करून नेली. प्रयोगशाळेचा अहवाल सुनावणीच्या आदल्या दिवशी आला, आणि मोमीन मॅडमनी हर्षलला कार्यालयात बोलावून घेतलं. खुर्चीत बसायला सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"तुमचं म्हणणं सिद्ध झालं. गोधडीच्या प्रत्येक थरात तुमचा ठसा सापडला. तुम्ही घरात गेला नव्हता, हे कोर्ट मान्य करेल."

"मग?"

"गोधडी नेऊन सहा दिवस झाले. घर धुतलं, गाद्या बदलल्या. पट्टा अजून थरथरतोय."

हर्षलला कळेना.

"बाळ जन्मतं तेव्हा त्याची कातडी मोकळ्या प्लॉटसारखी असते," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षात जे जवळ असतात त्यांचे जिवाणू तिथे वस्तीला येतात. आईचे, बापाचे. हे बाळ दहा महिने रोज तुमच्या कपड्यांत गुंडाळून झोपलं, आणि दर महिन्याला ताजी भर पडत गेली. तुमचे जिवाणू त्याच्या अंगावर रुजलेत, गव्हाणे. आता ते तुमच्या कपड्यांचे राहिले नाहीत, त्याचे झाले. यंत्राला वाटतं तुम्ही पाळण्यात आहात."

"धुवून टाका म्हणावं," हर्षल घाईघाईने म्हणाला. "औषध असेल की काही."

"आहे. मोठ्या माणसाला चालतं. बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या कातडीला लावायला डॉक्टर नाही म्हणतात, साल निघते."

"म्हणजे रेणुकाने बाळाला उचललं की..."

"पट्टा वाजतो. पाजताना, आंघोळ घालताना, सगळ्याला." त्यांनी कागद मिटला. "एक उपाय आहे. बाळाच्या अंगावर जे रुजलंय तेवढं तुमच्या ठशातून वगळायचं. मग पट्टा गप्प होईल. पण तुमची ओळख पटते ती बहुतेक त्याच्यावरूनच. ते वगळलं तर उद्या तुम्ही खरोखर तिच्या दारात उभे राहिलात तरी यंत्राला कळणार नाही. हे तिने ठरवायचं."

हर्षल उठून उभा राहिला आणि परत बसला. ती वगळेल, त्याने मनाशी म्हटलं. कुठली आई नाही वगळणार? आणि वगळलं म्हणजे तिने आपल्यावर तेवढा विश्वास ठेवला असा त्याचा अर्थ होईल. ही आशा मनात आल्याची त्याला लाज वाटली, तरी ती गेली नाही.

*

सुनावणी बार्शीच्या न्यायालयात पडद्यावरून झाली. नाशिकहून रेणुका आणि पराग. मंदाकिनीबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, वाहक म्हणून त्यांचीही हजेरी होती. पडदा उजळला आणि परागच्या मांडीवरचं मूल दिसलं तेव्हा त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. पंधरवड्यात त्या पहिल्यांदाच मुलाशी बोलल्या.

"बघ, दात आलाय त्याला."

हर्षल मात्र रेणुकाकडे बघत होता. पाच वर्षांनी तो तिला पाहत होता. ती वाळली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि ती एकदाही त्याच्या बाजूला बघत नव्हती. मूल नवऱ्याकडे देऊन ती खुर्ची थोडी दूर सरकवून बसली होती.

न्यायाधीश तरुण बाई होत्या. त्यांनी अहवाल थोडक्यात सांगितला, मंदाकिनीबाईंना मुदतभर बंदी लागू होते ते सांगितलं. रेणुकाने मान खाली घातली. मग न्यायाधीशांनी विचारलं, "रेणुकाताई, प्रतिवादी तुमच्या घरात आले नव्हते, हे आता तुम्हाला मान्य आहे?"

"हो."

"मग बाळावर रुजलेला भाग ठशातून वगळायचा का? तुम्ही म्हणाल तसं करू."

रेणुकाला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "नको. वगळू नका."

"तुम्हाला नीट समजलंय ना? बाळाला जवळ घेतलं की दर वेळी पट्टा वाजेल. निदान ते तीन वर्षांचं होईपर्यंत."

"वाजू दे, मॅडम."

"पण मग पट्टा बाळामुळे वाजतोय की त्यांच्यामुळे, हे तुम्हाला कसं कळणार?"

"बाळ हातात असताना वाजलं तर बाळ असेल," रेणुका म्हणाली. तिने हे आधीच पुष्कळदा घोळवून ठेवलं होतं हे तिच्या आवाजावरून कळत होतं. "बाळ दुसऱ्या खोलीत असताना वाजलं तर मी उठून बघेन. आत्ताही बघतेच. पण पट्टा गप्प केला आणि दादा खरंच आला, तर मला कळणार कसं?"

पाच वर्षांनी तिच्या तोंडून 'दादा' आलं ते असं. हर्षलने पाठ करून आणलेलं सगळं, एकदा समोर उभं राहू द्या, दोन मिनिटं, पोलिसांच्या देखत, त्याच्या मनातूनच पुसलं गेलं. आपण त्या घरात गेलो नव्हतो हे तिला पटलं होतं, आणि तरीही काही फरक पडला नव्हता. स्वतःच्या पोराला घेताना जीव दचकला तरी चालेल, पण भावाची बातमी लागायला हवी. एवढी भीती कुणी पेरली होती, हे सांगायला प्रयोगशाळा नको होती.

"प्रतिवादी," न्यायाधीशांनी त्याच्याकडे वळून विचारलं, "तीन वर्षांच्या मुदतवाढीला तुमची काही हरकत?"

मोमीन मॅडम कुजबुजल्या, "भेटीचा अर्ज ठेवायचा का?"

त्याने नकारार्थी मान हलवली आणि न्यायाधीशांना म्हणाला, "हरकत नाही."

"मोठ्याने बोला, नोंद व्हायला हवी."

"हरकत नाही," तो म्हणाला. "तीन नाही, तिला पाहिजे तितकी वर्षं करा."

"कायद्यात तीनच आहेत." न्यायाधीशांनी सही केली. "पुढची मुदत संपताना त्यांनी पुन्हा अर्ज करावा."

कामकाज संपलं, पण नाशिकचा पडदा बंद करायला कुणीतरी विसरलं. बाळ कुरकुरायला लागलं आणि परागने ते रेणुकाकडे दिलं. तिने त्याला खांद्याशी घेतलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या मनगटावरचा पट्टा थरथरायला लागला, इथूनसुद्धा दिसावा इतका. पट्टा कुणामुळे वाजतो आहे हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. तरी ती पोराला छातीशी घट्ट धरून गर्रकन वळली आणि मागच्या दाराकडे बघत राहिली.